आधी होकार, मग विचार

ब्राउझरमध्ये मूळ प्रमाणपत्र बसवणे म्हणजे त्याच्या सहीने येणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला आगाऊ होकार देणे. इंदुरात ऑनलाइन निविदा भरणारा कंत्राटदार हे काम पोहे-जिलेबी निवण्याआधी उरकतो: फाइल उघडायची, इशारा न वाचता ‘होय’ दाबायचे. इशारे वाचण्यासाठी असतात, हा समज नवख्यांचा. मूळ प्रमाणपत्र स्वतःच स्वतःवर सही करते. पंच, फिर्यादी आणि फौजदार एकच. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सहीची, गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे सापडली. त्यांच्या मुळाशी असलेले भारताचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत होते, फायरफॉक्सच्या नव्हते. म्हणून फायरफॉक्सवाले वाचले. अर्थात, निविदेच्या सूचनापत्रकाबरहुकूम ते प्रमाणपत्र ज्यांनी स्वहस्ते फायरफॉक्समध्ये बसवले होते, ते आज्ञाधारक सोडून.