अंगठा लागत नाही

जुलै लागला की दिवाळी अंकांची निमंत्रणं यायला लागतात. कथा हवी, गणपतीच्या आत हवी. लिहिणारा वही उघडतो. वहीत चार-पाच बीजं टिपलेली असतात आणि त्यातलं एखादं विचित्र असतं. सगळ्यात आधी काट त्याच्यावर बसते. ते अजून संपादकापर्यंत पोचलेलं नसतं, वाचकाला तर त्याचा पत्ताही नसतो. ज्याला सुचलं तोच म्हणतो, 'हे चालायचं नाही.'

या एका वाक्याचा मला राग आहे, कारण ते मी स्वतः बोललो आहे आणि दुसऱ्याच्या कथेबद्दल बोललो आहे.

एका तालुक्याच्या गावी कथालेखनाचं शिबिर होतं. प्रत्येकानं आपलं कथाबीज सांगायचं होतं. शेतकऱ्याची आत्महत्या झाली, वृद्धाश्रमातली आई झाली, परदेशी गेलेला मुलगा झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, रेशन दुकानातल्या मशीनवर मेलेल्या माणसाचा अंगठा लागतो, अशी गोष्ट आहे." पोरं हसली. मी विचारलं, "म्हणजे भुताची?" ती म्हणाली, "अजून माहीत नाही." मी म्हणालो, "मग आधी ठरव. असं अधांतरी चालायचं नाही." ती खाली बसली आणि दिवसभर पुन्हा बोलली नाही.

माझं चुकलं. 'अजून माहीत नाही' हेच तिचं भांडवल होतं. वृद्धाश्रमातल्या आईचं पुढं काय होणार हे आम्हा सगळ्यांना पहिल्या ओळीतच माहीत होतं, आणि ते ऐकताना कुणी मान वर केली नव्हती.

विचित्र कल्पनेची सुनावणी कशी करावी याचा एक नमुना आपल्याच भाषेत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली. जयंत नारळीकर तेव्हा जगात नाव झालेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हा किस्सा आपण गंमत म्हणून सांगतो, मला त्यात फार मोठी शिस्त दिसते. नावाचं वजन काढून घेतलं, ओळखीचं अक्षरही काढून घेतलं, आणि कथेला एकटीला परीक्षकांपुढं उभं केलं. आपण घरी बसून नेमकं उलटं करतो. कथेचं एक पानही झालेलं नसतं आणि लोक काय म्हणतील, आपल्यासारख्याला हे शोभेल का, याचा निकाल लावून मोकळे होतो.

पुढं नारळीकरांनीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. कल्पना ऐकायला अचाट आहे: पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली, आणि हिंदुस्थानचा सगळा इतिहास दुसऱ्या वाटेनं गेला. पण ती पटते कशामुळं, ते बघा. गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या सभेला जातात आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी बघून अस्वस्थ होतात. आयुष्यभर सभांचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस तो. रिकामी खुर्ची त्याला सोसवत नाही, तो जाऊन बसतो. आपल्या प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतो. त्या खुर्चीवर माझा विश्वास बसला, म्हणून त्या दुसऱ्या हिंदुस्थानवरही बसला. असं लिहिणारे नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'कृष्णविवर'पासून तोवर चाळीसहून जास्त वर्षं गेली.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांची पुस्तकं वाचनालयात फाटेस्तोवर वाचली गेली आणि समीक्षेनं त्यांना दारात उभं केलं नाही. त्यांच्या कथेतून राही अनिल बर्वे यांना 'तुंबाड' हा चित्रपट सुचला. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. चित्रपट पडद्यावर यायला २०१८ साल उजाडलं, तेव्हा बेताचंच चालला, आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा करून गेला. 'मराठी माणसाला असलं आवडत नाही', 'आपल्याकडं हे पचत नाही' असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, अनंत अंतरकर अद्भुत आणि भयकथांचं 'नवल' नावाचं मासिक मग कुणासाठी चालवत होते?

प्रत्येक विचित्र कल्पना थोर असते असं मी म्हणत नाही. पुष्कळ कल्पना नुसत्या फटाक्यासारख्या असतात, एकदा वाजल्या की खाली कागदच उरतो. पण ते तीन पानं लिहिल्यावर कळतं. त्या तीन पानांत एखादं घर लागलं पाहिजे, घरात माणूस पाहिजे, त्या माणसाला काहीतरी हवं असलं पाहिजे. हे जमलं नाही तर कल्पना खुशाल सोडून द्या. सोडायला माझी हरकत नाही, न लिहिता सोडायला आहे.

शिबिरातल्या त्या मुलीनं दोन महिन्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. तीनच पानं होती.

रेशनची रांग. एक बाई पुढं होते. दुकानदार मशीनची काच शर्टाच्या टोकानं पुसतो. बाई अंगठा पदराला घासते आणि काचेवर ठेवते. लागत नाही. "मावशी, दाबून धरा." लागत नाही. डावा लावते, तोही लागत नाही. जन्मभर भांडी घासून आणि चिखलात भात लावून बोटांवरच्या रेघाच गेल्यात. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही यात विचित्र काही वाटणार नाही, हे महिन्याच्या महिन्याला घडतं. मग दुकानदाराचं बोट चुकून यादीतल्या वरच्या नावावर पडतं. ते तिच्या नवऱ्याचं. आषाढात गेला, नाव कमी करायचं राहिलं. बाईचा अंगठा काचेवर तसाच असतो. मशीन तो घेतं आणि पावती बाहेर येते.

वाचता वाचता मी ताठ बसलो. जिवंत बाईचा अंगठा तिच्या स्वतःच्या नावावर चालत नाही, मेलेल्या नवऱ्याच्या नावावर चालतो. शिबिरात तिला हे माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. दुसऱ्या पानावर ती बाई अंगठा पदराला घासायला लागली, तेव्हा कुठं तिला गोष्ट दिसली असणार.

दुकानदार पावती हातात धरून विचारतो, "मावशी, गहू कुणाच्या नावावर घालू?" रांग गप्प होते. बाई आपल्या अंगठ्याकडं बघते.

तिसरं पान तिथं संपतं. मी तिला कळवलं, पुढचं पान लवकर पाठव.