सत्तर-तीस आणि सासूबाई

न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक बाई अशी असते, जिला सगळे प्रवासाचं विचारतात. एडिसनमधली ती बाई मी. "आईबाबांना व्हाया फ्रँकफर्ट पाठवू की व्हाया दुबई?" "व्हीलचेअर सांगितली की रांग चुकते म्हणे, खरं का गं?" "तेवीस किलोच्या बॅगेत गोडा मसाल्यामुळे चोवीस झाले, तर सोडतील का?" या प्रश्नांची उत्तरं मी वर्षानुवर्षं पोळ्या लाटता लाटता फुकट दिली. मोबदल्यात भाकरवडीचे पुडे मिळाले. भाकरवडीला मी कमी लेखत नाही, पण घराचा हप्ता भाकरवडीत स्वीकारत नाहीत. म्हणून रीतसर ट्रॅव्हल एजंट व्हायचं ठरवलं, तेही घरबसल्या.

हल्ली एजंट म्हणत नाहीत, अ‍ॅडव्हायजर म्हणतात. अमेरिकेतल्या एजंटांच्या जुन्या संघटनेने, आस्टाने, 2018 मध्ये आपल्या नावातलाच 'एजंट' काढून 'अ‍ॅडव्हायजर' घातला. म्हणजे आपला अख्खा समाज जन्मतःच या धंद्यात आहे, फक्त नोंदणी राहिली आहे.

ती नोंदणीच अवघड. तुम्ही कुणाला अलास्काची क्रूझ विकलीत, तर कंपनी कमिशन देणार कुणाला? तिला एक मान्यताप्राप्त नंबर लागतो, आयाटा नाहीतर क्लिया या संघटनांचा. विमानाची तिकिटं स्वतः काढायची तर एआरसी या संस्थेची मान्यता, म्हणजे तारण आणि कागदांचा ढीग. नवख्या माणसाने हे सगळं कुठून आणायचं? म्हणून होस्ट एजन्सी. नंबर तिचा, गिऱ्हाईक आपलं. कमिशन आधी तिच्याकडे जातं, ती स्वतःचा वाटा कापते आणि उरलेलं आपल्याला पाठवते. अशा एजन्सी इथे पैशाला पासरी आहेत आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत समुद्रकिनारी लॅपटॉप घेऊन हसणारी एक बाई आहे. वाळूत लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला हसू कसं येतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

याच सुमारास साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त. आपण मंजूर केलेलं एकही कर्ज बुडालं नाही, असं त्या सांगतात. किती नामंजूर केली, ते सांगत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर काम करायला बंदी असते, सल्ला द्यायला नसते. त्यांनी माझी फाइल ओढून घेतली, चष्मा लावला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

नवरा आकड्यांवर भाळला होता. एक एजन्सी सत्तर-तीस देत होती, महिन्याची फी शून्य. दुसरी नव्वद-दहा, पण महिना पन्नास डॉलर. "नव्वद म्हणजे नव्वद! सत्तर कोण घेईल?" तो म्हणाला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला मोठा आकडा दिसला की बरं वाटतं.

सासूबाईंनी विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं. "दोघांची क्रूझ कितीला?"

"धरा तीन हजार डॉलर."

"त्यावर कमिशन किती?"

"सगळ्यावर नसतं, आई. बंदराचे कर आणि आणखी काही रक्कम कमिशनमधून वगळतात. धरा सहाशे गेले. उरलेल्या चोवीसशेवर बारा टक्के."

"दोनशे अठ्ठ्याऐंशी." पेन्सिल धावली. "सत्तर टक्क्यांनी दोनशे एक आणि साठ सेंट. नव्वदने दोनशे एकोणसाठ आणि वीस. फरक सत्तावन्न डॉलर साठ. फी वर्षाची सहाशे." त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. "वर्षात अकरा क्रूझ विकल्या, तर तुझे नव्वद हिच्या सत्तरला गाठतील. अकरा गिऱ्हाइकं आहेत?"

गिऱ्हाइकं खूप होती. पण सगळ्यांना मुंबईचं तिकीट हवं होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. एके काळी इथल्या एजंटला विमानाच्या तिकिटावर साधारण दहा टक्के मिळायचे. 1995 मध्ये डेल्टाने देशांतर्गत परतीच्या तिकिटामागे पन्नास डॉलरची कमाल मर्यादा घातली, बाकीच्या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. 2002 च्या मार्चमध्ये डेल्टाने मूळ कमिशनच बंद केलं, आणि पुन्हा सगळे मागोमाग. तेव्हापासून धंदा आहे तो क्रूझचा, सहलींचा, हॉटेलांचा. आमची मंडळी मात्र क्रूझ म्हटलं की विचारतात, "जेवणात कांदा-लसूण नसलेलं मिळेल का?" आणि मिळेल म्हटलं, की "चातुर्मास संपल्यावर बघू" म्हणून मुंबईच्या तिकिटावर येतात. तेही मी शोधून द्यायचं. मग दुसऱ्या दिवशी फोन: "अगं, तू सांगितलेलंच ऑनलाइन चाळीस डॉलरने स्वस्त मिळालं, घेऊन टाकलं. थँक्यू हं!"

तिसऱ्या एका कंपनीने मला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं. तिथे प्रवासाबद्दल चकार शब्द नव्हता. आयुष्यभर सवलतीत फिरा, आधी प्रवेश फी भरा, आणि तीन मैत्रिणी आणा, त्या तीन-तीन आणतील. सासूबाई पडद्यावर दिसणार नाहीत अशा बेताने शेजारी बसून मेथी निवडत होत्या. "साखळी," त्या पुटपुटल्या. "आमच्याकडे असल्या स्कीममध्ये गुंतवायला लोक कर्ज मागायला यायचे." धंद्यातल्या भाषेत या कंपन्यांना कार्ड मिल म्हणतात. प्रवास विकण्यापेक्षा एजंटपणाचं ओळखपत्र विकण्यात त्यांना जास्त रस. 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलने अशाच आरोपांवरून एका बड्या कंपनीला कोर्टात खेचलं होतं. मी मीटिंगमधून बाहेर पडले. पुढे आठवडाभर त्यांचे 'हाय सुपरस्टार' असे मेसेज येत होते. मला सुपरस्टार म्हणणारं दुसरं कुणी नसल्यामुळे ते लगेच काही पुसले नाहीत.

मग आला नव्वदवाल्यांचा करार. सतरा पानं. माझं लक्ष पहिल्या पानावरच्या टक्क्यांकडे, सासूबाईंनी वाचायला शेवटून सुरुवात केली. "लग्न कसं लागतं ते सगळे वाचतात, आपण सोडचिठ्ठीचं वाचायचं." त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा एकूण तीन. उद्या एजन्सी सोडली, तर गिऱ्हाइकांची यादी कुणाची? सोडण्याआधी केलेल्या बुकिंगचं कमिशन नंतर आलं, तर मिळणार की गिळंकृत? आणि पैसे हातात कधी? कारण ऑक्टोबरात केलेलं जुलैतल्या हॉटेलचं बुकिंग म्हणजे कमिशन पाहुणा खोली सोडून गेल्यावर. मग ते होस्टकडे येणार आणि होस्ट ते पुढच्या हप्त्यात देणार. "म्हणजे गणपतीत," सासूबाई म्हणाल्या. नव्वदवाल्यांच्या करारात गिऱ्हाइकं त्यांची होती आणि सोडणाऱ्याला मागचं काही मिळणार नव्हतं. नव्वद टक्के कशाचे, हा प्रश्न नवऱ्याने त्यानंतर काढला नाही.

फ्रीमॉन्टच्या नणंदेने मध्येच खडा टाकला. तिला हवाईची सहल माझ्याकडून हवी होती. पण कॅलिफोर्नियातल्या माणसाला प्रवास विकायचा, तर तिथे 'सेलर ऑफ ट्रॅव्हल'ची नोंदणी लागते. फ्लोरिडा, वॉशिंग्टन आणि हवाई यांचेही असेच कायदे आहेत, न्यू जर्सीचा नाही. होस्टची नोंदणी असेल आणि अटी पाळल्या, तर त्या छत्राखाली आपलं भागतं. सख्ख्या नणंदेला तिकीट विकायला सरकारी नंबर लागतो, हे ऐकून सासूबाईंना अमेरिकेबद्दल प्रथमच आदर वाटला.

राहिली शेवटची परीक्षा. "बँक कशी चालते ते शुक्रवारी साडेचारला कळतं," असं म्हणून त्यांनी मला शुक्रवारी दुपारी साडेचारला यादीत उरलेल्या तीन एजन्सींच्या मदत-क्रमांकांवर फोन लावायला सांगितला. पहिलीकडे पियानो वाजत राहिला. मेथीच्या दोन जुड्या निवडून झाल्या, तिसरी सोडायला घेतली, तेव्हा फोन आपोआप कटला. दुसरीकडे आमचा आवाज मशीनने घेतला आणि सोमवारी बघू म्हणालं. तिसरीकडे दुसऱ्याच रिंगला एका बाईने उचलला. मागे कुत्रं भुंकत होतं. मी एका जोडप्याच्या नावातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल तर काय करायचं ते विचारलं. तिने न चिडता सगळं सांगितलं, मध्येच कुत्र्याला दटावलंही. मिडवेस्टातल्या कुठल्याशा गावातली छोटी एजन्सी, सत्तर-तीस, फी शून्य, गिऱ्हाईक माझं, सोडल्यावरही मागचं कमिशन मिळणार. चुकीच्या बुकिंगसाठीचा विमा मात्र माझा मी काढायचा. "घ्या हीच," सासूबाई म्हणाल्या. "कुत्रं सांभाळते म्हणजे जबाबदारीची बाई आहे."

सही झाली. माझं पहिलं गिऱ्हाईक सासूबाईच झाल्या: नायगाऱ्याला दोन रात्री, कॅनडाचा व्हिसा नसल्यामुळे अमेरिकेच्या बाजूला. धबधबा दिसणाऱ्या खोलीला जादा पैसे पडतात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "धबधबा बाहेर जाऊन बघायचाय, गादीवरून नको." रात्रीचे एकशे ऐंशी, दोन रात्रींचे तीनशे साठ. दहा टक्क्यांनी छत्तीस डॉलर, त्यातले माझे पंचवीस आणि वीस सेंट. त्यांनी डायरीत 'येणे' असा रकाना आखून आकडा लिहिला आणि तारखेची जागा मोकळी सोडली.

त्या भिजून, पोंचो घडी करून परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहाला विचारणा: "आले का?" साताऱ्याला परतल्यावरही व्हॉट्सअ‍ॅपवर, गुड मॉर्निंगच्या फुलाखाली: "आले का?" एका सकाळी खरंच खात्यात पंचवीस डॉलर वीस सेंट दिसले. मी फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा झाल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मला वाटलं, कौतुक करतायत.

उत्तर आलं: "टीडीएस कापला का?"