चोवीस अंशांचा तह

नवरा-बायकोची भांडणं पैशांवरून होतात, असं म्हणणाऱ्यांच्या घरी एसी नसावा. त्याला १८ हवं, तिला २७, आणि दोघांच्या मधोमध गादीवर रिमोट. ‘तुला जरा म्हणून काही सहन होत नाही’ इथून सुरू झालेलं प्रकरण रात्री एकच्या सुमाराला सासरच्या मंडळींपर्यंत पोचतं.

शेवटी केंद्र सरकारला मध्ये पडावं लागलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक झालं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे अधिकृत कारण. आम्हाला मात्र त्यात एखाद्या अनुभवी मामंजींचा हात दिसतो: आकडा असा काढायचा की दोघांचीही सारखीच गैरसोय व्हावी!

तरी अंधारात कुणीतरी बटण दाबतंच. एसी इमानाने ‘टूं’ करून चुगली करतो. मग एक गोधडी ओढतो, दुसरा सुस्कारा सोडतो.

परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. परस्पर संमतीने तापमान ठरवायची अजून नाही. तेव्हा उपवर मंडळींनो, पत्रिका सावकाश बघा. आधी अंश विचारून घ्या.