हेदरला आग्रह चालत नाही

मराठी माणसाला प्रेम व्यक्त करायचा एकच मार्ग पक्का ठाऊक आहे: वाढणे. पाहुणा 'नको, नको' म्हणाला की आपल्याला ते 'अजून एक पोळी' असं ऐकू येतं. गुलाब-जास्वंदीही याच वळणाच्या. शेणखत घाला, ढेप घाला, त्या भरभरून फुलून पोच देतात. म्हणूनच हेदर नावाच्या झुडपाशी गाठ पडली की आपली पंचाईत होते. त्याने 'नको' म्हटलं, की त्याला खरंच नको असतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात स्कॉटलंडचे डोंगर जांभळे होतात, ते याच्या फुलांनी. शास्त्रीय नाव कॅल्युना व्हल्गॅरिस. जेमतेम गुडघ्याएवढं झुडूप, खवल्यांसारखी बारीक पानं. जिथे वारा झोडपून काढतो आणि माती इतकी आंबट नि निकस की तिथे कुणी नांगर नेत नाही, तिथे ते मजेत असतं. मुळांमध्ये एक बुरशी वस्तीला असते. ती त्या कंगाल मातीतूनही त्याच्या पोटापाण्याचं बघते. अशाला प्रेमाने खत घातलं, तर फांद्या लांबट, लुळ्या होतात आणि मुळं खंगतात.

आमचं घर इंग्लंडात, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी. जमीन खडूची, म्हणजे चुन्याचीच, आणि हेदरला चुन्याचं वावडं. मुळाशी चुना आला की त्याला मातीतलं लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात. म्हणून ते कुंडीत, मुद्दाम विकत आणलेल्या आंबट मातीत लावायचं. नळाचं पाणीही चालत नाही. इथलं पाणी इतकं जड, की किटलीच्या तळाशी पांढरी खपली धरते. तेव्हा पन्हाळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी साठवायचं आणि तेच घालायचं.

सासूबाई सांगोल्याहून आल्या, तेव्हा त्यांनी या पिंपाभोवती एक फेरी मारली.

"अगं, बाहेर रोज भुरभुर चालू आहे आणि तुम्ही पाऊस साठवताय? मला वाटत होतं, हे भोग फक्त आमच्या तालुक्याचे."

पण पाणी राखण्यात त्यांचा जन्म गेलेला. दुसऱ्या दिवसापासून पिंपाचा ताबा त्यांच्याकडे. नातवाने त्यात चिखलाचे बूट बुडवले, तेव्हा घरात जो आवाज झाला तो पंढरपूरपर्यंत गेला असेल.

पाण्यावर एकमत झालं, तरी खाण्यावरून वाजलंच. सकाळी त्या कुंडीशी उभ्या, हातात अंड्यांच्या टरफलांचा चुरा आणि शेगडीतली राख.

"आई, ते नको. दोन्हींत चुना असतो."

"चिमूटभर तर घालते."

"चिमूटभरही नको."

"मग घालायचं तरी काय?"

"काहीच नाही."

या 'काहीच नाही'ने त्या खरोखर दुखावल्या. सासरी सुनेचे हाल होतात हे त्यांनी पाहिलं होतं. कुंडीतल्या झाडाला कुणी ठरवून उपाशी ठेवतं, हे नवीन होतं.

सप्टेंबरात इथल्या रोपवाटिकांत हेदरचा बाजार भरतो. त्यात तीन प्रकारचे ठग असतात. एक, रंग फवारून चक्क निळं केलेलं. आमच्याकडे ते ह्यांनी आणलं. दुसरा, एरिका ग्रॅसिलिस: मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, दिसायला देखणा आणि पहिल्या कडक हिवात आटोपणारा. तिसऱ्याच्या कळ्या कधी उमलतच नाहीत, त्यामुळे रंग नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत टिकतो. मधमाशी मात्र येते, दारं बंद बघते आणि निघून जाते.

शेजारचे आजोबा मूळचे स्कॉटिश. निळं हेदर बघून त्यांनी टोपी काढली, आदराने नव्हे. मग स्वतःच्या बागेतली पांढऱ्या हेदरची डहाळी सासूबाईंना दिली आणि सांगितलं, की ही भाग्याची असते. 1855 साली बाल्मोरलला प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकने व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीला अशीच डहाळी देऊन लग्नाचं विचारलं. मी सासूबाईंना मराठीत सांगताना एवढंच पुढे जोडलं, की तो पुढे जर्मनीचा सम्राट झाला, 1888 साली, नव्याण्णव दिवसांसाठी. तोवर त्याला घशाच्या कर्करोगाने गाठलं होतं.

सासूबाईंनी डहाळी देवाऱ्यात न ठेवता खिडकीत ठेवली.

हेदरला मनापासून आवडणारी सेवा एकच, कात्री. मार्चअखेरीस सुकलेल्या फुलांच्या अगदी खालून छाटायचं. हात जड झाला आणि जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत गेला तर तिथून पुन्हा फूट येत नाही. छाटलंच नाही तर झुडूप मधून फाटतं, बुडाशी टकलं होतं.

सासूबाई आता सांगोल्याला परतल्या आहेत. दर रविवारी व्हिडिओवर पहिला प्रश्न नातवाचा, दुसरा कुंडीचा: "जिवंत आहे ना गं?" इथे माझी अडचण होते. हेदर मुळाशी सुकून गेलं तरी पानं गळत नाहीत, फुलांचा रंग लगेच उडत नाही. कित्येक आठवडे ते तसंच, तरतरीत दिसतं. ही खोड कळल्यावर छातीठोक उत्तर कसं द्यायचं? मी कॅमेरा कुंडीवर नेते. त्या चष्मा नीट करून बघतात आणि म्हणतात, "बरं दिसतंय की! आता जरा काहीतरी घाल त्याला."