पाच माणसं, ५८ चौरस फूट

कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट लगेच ध्यानात येते. या गाड्यांमधून फिरणाऱ्या माणसांना सासरे नसतात. एक तरुण जोडपं असतं, एक कुत्रा असतो आणि मागचं दार उघडलं की समोर आयतं तळं असतं. बाई लोकरीचे मोजे घालून कॉफी पीत बसलेली असते, पुरुष गिटार लावत असतो. बीपीच्या गोळ्या, ओला टॉवेल, इडलीपात्र आणि ‘खिडकीपाशी कोण’ यावरचं भांडण यांतलं काहीही त्या चित्रात दिसत नाही. आम्ही पाच जण. मी, बायको, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासरे अप्पा. कुत्रा नाही, गिटार नाही, आणि डोंबिवलीच्या हवेत लोकरीचे मोजे घालायचा प्रश्नच येत नाही. तरीही कॅम्पर व्हॅनचं खूळ आमच्या घरात शिरलंच.

त्याला कारण मे महिन्यातलं कोकण. ‘फॅमिली रूम’ म्हणून जी खोली मिळते तिच्यात एक डबल बेड असतो आणि उरलेल्या फॅमिलीसाठी ‘एक्स्ट्रा बेड’ नावाची गादी जमिनीवर टाकून देतात. तिचे पैसे मात्र खाटेचे. दोन खोल्या घ्याव्यात तर त्या भाड्यात घरी नवा फ्रिज येतो. मुलगा म्हणाला, “बाबा, आपण गाडीतच झोपलो तर?” मुलं असं बोलून मोकळी होतात. पुढे बाप रात्री दोन वाजेपर्यंत गाड्यांची लांबी-रुंदी बघत बसतो.

पहिली नजर अर्थातच ट्रॅव्हलरवर गेली. महाराष्ट्रात वऱ्हाड, अष्टविनायक आणि ऑफिसची पिकनिक तिच्याशिवाय होत नाही, त्यामुळे ओळखीचं माणूस वाटावं तशी ती गाडी वाटते. आत उभं राहता येतं. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केल्यापासून तर तिचं घर करून देणारे कारखानदारही बरेच पुढे आले आहेत. त्यांतल्या एकाकडे आम्ही गेलो. त्याने सिंक दाखवलं, शॉवर दाखवला, छताला बसवलेले निळे-जांभळे दिवे लावून दाखवले आणि बत्तीस इंची टीव्ही दाखवून विचारलं, “सर, अजून काय पाहिजे?” बायको म्हणाली, “ही गाडी लावायला जागा.”

उत्तर बिनतोड होतं. आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे मारले तेव्हा लोकांकडे छोट्या गाड्या होत्या. पट्टे तेच राहिले, गाड्या वाढल्या. तिथे आठ फुटांहून उंच ट्रॅव्हलर उभी केली असती तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं दिसणारं आकाश गेलं असतं आणि सेक्रेटरींना पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत पुरेल असा विषय मिळाला असता. शिवाय कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. एसटी घेत नाही.

शॉवरचं कौतुक मलाही होतं, पण पाण्याचं वजन कोणी सांगत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच माणसांच्या जेमतेम अंघोळीला साठ लिटर धरलं तरी एक सहावा माणूस, तोही तिकीट न काढता, घाटभर आपल्याबरोबर येतो. विजेचं गणित त्याहून वाईट. “सिलिंडर नको, इंडक्शन ठेवू,” असं ठरवून बायको मोकळी झाली होती. बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. इंडक्शन पूर्ण जोरात चालवली की २००० वॉट खाते. म्हणजे कागदावर ३६ मिनिटं. त्यातही साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे उरली १८ मिनिटं. वरणाच्या शिट्ट्या होतील. भाताच्या वेळेला पंखा, दिवा आणि फोन सगळंच विझलेलं असेल. इन्व्हर्टरमध्ये जाणारा प्रवाह दीडशे अँपिअरच्या वर, त्यासाठी वायर अंगठ्याएवढी जाड. कारखानदाराला हे विचारलं तर तो म्हणाला, “सर, सोलर टाकू ना.” रात्री साडेआठला वरणभात शिजवणारं सोलर मला अजून भेटायचं आहे.

इथवर अप्पा गप्प होते. ते सगळ्या चर्चेत पेपर वाचत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, “जावईबापू, तुम्हाला घर घ्यायचंय की गाडी?”

अप्पांचं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. त्या एका खोलीत अप्पांचे आईवडील, आजी, अप्पांसकट पाच भावंडं आणि मिलमध्ये नोकरी शोधायला आलेला गावचा कोणीतरी, असे कायम नऊ जण. गावचा माणूस बदलायचा, आकडा नाही. आता त्या चाळी पाडून रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. ही बातमी आली तेव्हा अप्पा जरा चिंतेने म्हणाले होते, “एवढ्या मोठ्या जागेत माणसं एकमेकांना सापडायची कशी?”

मी हिशेब केला. ट्रॅव्हलर बाद झाल्यावर छोट्या गाड्यांत डोळ्यासमोर होती ती मारुती इको. तिची लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५. बाहेरून बाहेर मोजली तर सुमारे ५८ चौरस फूट. नायगावच्या हिशेबाने त्यात तीन माणसं आणि पाव पाहुणा बसतो. मी हे गंमत म्हणून सांगितलं. अप्पांनी टेप मागवली.

शोरूममधल्या विक्रेत्या मुलाचं मला अजून वाईट वाटतं. तो मायलेज सांगत होता आणि अप्पा बूट काढून गाडीत शिरून आतून मापं घेत होते. “इथे माळा होतो,” आतून आवाज आला. “बाकाखाली ट्रंक जाते का बघा.” मग, “सरकतं दार आहे, हे उत्तम. उघडायला बाहेर जागा लागत नाही.” शेवटी डोकं बाहेर काढून त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला, “मोरी कुठे घालायची?” मुलगा म्हणाला, “सर, मोरी टॉप मॉडेलमध्येपण येत नाही.”

परतताना अप्पांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. चाळीत खोलीत कोणी राहत नाही. खोली सामान ठेवायला आणि पाऊस आला तर निजायला. राहायचं ते पॅसेजमध्ये, जिन्यावर, मैदानात, उन्हाळ्यात गच्चीवर. अभ्यास दिव्याच्या खांबाखाली. त्यामुळे आत काय काय मावेल हा विचारच उलटा आहे. काय काय बाहेर ठेवता येईल ते आधी बघायचं. स्वयंपाक बाहेर. अंघोळ देवळाच्या नाहीतर पेट्रोल पंपाच्या नळावर, नाहीतर सरळ विहिरीवर. मागचं दार वर उचललं की ते छप्पर, त्याला ताडपत्री बांधली की पडवी. आत फक्त गादी. आणि एका वेळी एकानेच हलायचं. “आम्ही नऊ जण होतो,” अप्पा म्हणाले, “पण उभे कधी तीनच असायचे.”

मला हे फार मौलिक वाटलं, म्हणून मी जरा जगाचा इतिहास चाळला. फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध डबडा व्हॅन १९५० मध्ये निघाली, आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ केला. ती एक पेटी होती, काढता-घालता येणारी. आठवडाभर गाडी धंद्याला लावायची, सुटीला पेटी आत ठेवून कुटुंब बाहेर काढायचं. शॉवर, टीव्ही, जांभळे दिवे नंतरचे. जपानमध्ये तर छोट्या गाड्यांची कायद्याने मर्यादाच आहे: ६६० सीसी इंजिन, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. तेवढ्यात ते बिछाना आणि ओटा बसवतात. त्यातली सुझुकी एव्हरी म्हणजे आपल्या इकोची चुलत बहीण. घराणं एक, नशीब वेगळं. तिकडे ती माउंट फुजीसमोर उभी राहते, इकडे शाळेची पोरं, दुधाच्या पिशव्या आणि पेशंट वाहते. आपल्याकडेही २००१ मध्ये याच घराण्याची व्हर्सा आली होती. अमिताभ आणि अभिषेक बच्चन असे बापलेक जाहिरातीत बसूनही गाडी चालली नाही. मग साजशृंगार उतरवून, नाव बदलून, २०१० मध्ये ती इको म्हणून आली आणि रस्तोरस्ती दिसू लागली. यात जाहिरातवाल्यांनी घेण्यासारखं काही असेल तर त्यांनी घ्यावं.

इकोचे दोषही सांगायला हवेत. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. लांबच्या प्रवासात चालकाला खालून शेक मिळतो. अप्पांना संधिवातावर तो गुणकारी वाटला, पण ते चालवत नाहीत. त्याच कारणाने पुढच्या सीट पाडून पलंग होत नाही, झोपायचं ते मागेच. आत उभं राहायचं स्वप्न सात वर्षांच्या मुलीनेच बघावं. आणि मागचा बाक कायमचा उपटून टाकू म्हणाल, तर तेही सरळ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. आरसीवर पाच आसनं लिहिलेली आणि गाडीत दोन आसनं, एक गादी आणि झोपलेले सासरे, हे तपासणी नाक्यावर समजावून सांगायला वेगळी प्रतिभा लागते. पेटी मात्र सामान असते. त्यामुळे वेस्टफालियाचाच मार्ग आम्ही धरला आहे: प्लायवूडचे दोन खोके, वर घडीची फळी, सोमवारी सगळं उचलून गॅलरीत. बाकाच्या पाठीचं काय करायचं यावर अप्पा आणि सुतार यांच्यात अजून एकमत नाही. दोघेही एकमेकांना ‘हल्लीचे’ म्हणतात. सुतार पासष्टचा आहे.

पाच जण बसतात म्हणजे पाच जण झोपतात असं कुठल्याही लहान व्हॅनमध्ये होत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. फळीवर बायको, मुलगी आणि अप्पा. मी आणि मुलगा शेजारी तंबूत. मुलगा खूश आहे, कारण त्याला तंबू हाच खरा कॅम्प वाटतो. माझं मत कोणी विचारलेलं नाही.

हे सगळं ठरत आलं असताना बायकोने गुहागरच्या मावशीला फोनवर सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाल्या, “अगं, माझ्या दारात गाडीत झोपणार तुम्ही? शेजारी काय म्हणतील, बाईने भाचीला घरात घेतलं नाही?” मी नकाशा काढला. किनाऱ्याने जायचं तर अलिबागला बायकोची मैत्रीण, श्रीवर्धनला माझे चुलते, दापोलीला अप्पांचा चाळीतला दोस्त, गुहागरला मावशी, रत्नागिरीला साडू. कॅम्पर व्हॅन ही नातेवाईक नसलेल्यांनी काढलेली युक्ती आहे, असा मला दाट संशय येऊ लागला. मराठी माणसाच्या कॅम्परला तळ्याकाठी उभं राहायला सवडच मिळणार नाही. ती दर मुक्कामी कोणाच्या तरी अंगणात उभी असणार आणि आम्ही आत आग्रहाचा आमरस खात असणार.

पण मग याच कसोटीवर गाडी निवडावी, नाही का? अंगणात शिरली पाहिजे, तुळशीवृंदावनाला धक्का लागता कामा नये, आणि आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चारही फेरीबोटींवर इतरांचा रोष न ओढवता मावली पाहिजे. चार फूट दहा इंच रुंदीची गाडी हे सगळं करते. मावशींशी तडजोडही झाली आहे: जेवण घरात, झोप अंगणातल्या गाडीत, आणि कोणी विचारलं तर “पोरांचा हट्ट.”

तुम्हीही अशी गाडी बघायला जाणार असाल तर इंजिनाची चौकशी नंतर करा. आधी घरातली सगळी माणसं न्या, उशा न्या, विक्रेत्याची परवानगी काढून आत आडवे व्हा आणि दारं लावून दहा मिनिटं पडून राहा. कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत जातंय ते तिथेच कळू द्या. बंद गाडीत शेगडी पेटवू नका आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि घरात चाळीत वाढलेलं कोणी असेल, तर टेप त्यांच्या हातात द्या.