महाडला स्टेशन कुठाय, म्हणे संग्रहालय!

अहो वहिनी, ती भाजी नंतर निवडा, जरा गडग्यापाशी या. नागपूरची गंमत सांगायची राहिलीच.

लेकीकडे गेले होते ना, तर जावयांनी मोतीबागेत नेलं. रेल्वेचं संग्रहालय आहे तिथे, नॅरोगेजचं. २००२ साली उघडलंय. अडीच फुटी रूळ बघून मला हसूच आलं, आपल्या ओटीवर मावतील एवढेसे! पण छिंदवाड्याची गाडी वर्षानुवर्षं अशाच रुळांवरून धावली. आता तिथं ब्रॉडगेज झालंय. नात मला विचारते, आजी, महाडच्या स्टेशनाचं असं कधी करणार? म्हटलं, बये, आधी स्टेशन तर येऊ दे!

खोटं आहे का? १९९३ साली रोह्याहून रूळ वीरपर्यंत आले, ९८ ला सगळी कोकण रेल्वे झाली, पण महाडकर अजून वीरला उतरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालतोय. तरी आपल्या तालुक्यात करंजाडी आहे, विन्हेरे आहे. पोलादपूरकरांनी कोणाच्या नावानं बोटं मोडायची? त्यांची सगळी भिस्त एसटीवर.

दिरांचं ऐकलंत तर थक्क व्हाल. रेल्वेत होते ना ते. वऱ्हाडातली शकुंतला सांगत होते, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी. कापसासाठी इंग्रजांच्या कंपनीनं घातलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनानं तिला १९९४ पर्यंत ओढलं! फाटक आलं की गाडी थांबवायची, गाडीतल्याच माणसानं उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे सरकली की पुन्हा उघडून पळत येऊन चढायचं. आणि एकेरी मार्गावर टोकनचा गोळा. स्टेशनमास्तरनं यंत्रातून तो काढून पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या कड्याला बांधायची, ड्रायव्हरनं चालत्या गाडीतून हात घालून कडं उचलायचं. गोळा हातात नसेल तर पुढच्या स्टेशनाकडे गाडी हलवायची नाही. दीर हात पुढे करून दाखवत होते, आमच्या चहाचा कप खाली!

आणि ती शकुंतला आता बंद. बाई गं, असलं काही जपायचं तर ते चालू असतानाच. माथेरानची आपल्याच जिल्ह्यातली ना, १९०७ ची? २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तरी पुन्हा बांधून चालवली. जिवंत गाडीच्या बाजूला जुनं इंजिन ठेवलं की पोरांना बघावंसं वाटतं. नुसत्या बंद खोलीत कंदील टांगून कोण जाणार?

आपल्याकडे संग्रहालय करायचं झालं तर एकच अट, वरच्या मजल्यावर करा! २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं, विसरलात काय? आमच्या लग्नाच्या फोटोंचं पुस्तक चिखलातून निघालं, पानं सुटी करायला गेले तर चेहरेच पुसले गेले.

तर मुद्दा असा. तुमच्या सासऱ्यांचा तो लाल-हिरव्या काचेचा रेल्वेचा कंदील माळ्यावर आहे ना अजून? भंगारवाला परवा गल्लीत फिरत होता. त्याला देऊ नका हं वहिनी.