बिनकिल्लीचं कुलूप
पुण्यातल्या नव्या सोसायट्यांत आता दाराला नुसतं बोट लावलं की दार उघडतं. बोट, पिन, कार्ड, मोबाइल. आत शिरायला चार वाटा. दुकानात सगळे रंग विचारतात, सेल संपल्यावर काय हे कुणी विचारत नाही. बऱ्याच कुलपांत चार पेन्सिल सेल असतात. ते संपले की बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची. म्हणजे किल्ली विसरणाऱ्यानं आता बॅटरी खिशात बाळगायची! कणकेचा हात यंत्र ओळखत नाही, आजोबांच्या झिजलेल्या रेषाही नाही. मग पिन. तो लग्नाचं साल, नाहीतर १२३४, इस्त्रीवाल्यालासुद्धा पाठ. खोक्यात अडीअडचणीसाठी दोन साध्या किल्ल्या निघतात, त्या शेजारच्या काकूंकडे.